प्राध्यापकीची मुलाखत आणि पगाराची बोलणी

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळी परीक्षांचे निकाल लागू लागले की नागपुरात आणि आसपास प्राध्यापकांच्या मुलाखतींचा हंगाम सुरू होतो. हिंगणा रस्ता, कळमेश्वर, कामठी, मिहान, सगळीकडे फायली बगलेत घेतलेले उमेदवार दिसतात. मुलाखत रंगते, विषयतज्ज्ञ खूश होतात आणि शेवटी अध्यक्ष विचारतात, ‘अपेक्षा किती?’ इथे नेट-सेट या पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेला, पीएच.डी. मिळवलेला माणूस एकदम संकोचतो. ‘नियमाप्रमाणे द्या सर,’ म्हणून मोकळा होतो. गोकुळपेठेत मेथीच्या जुडीसाठी दहा मिनिटे घासाघीस करणारे आपण, तीस वर्षांच्या कमाईचा पाया ठरत असताना तीस सेकंदही बोलत नाही. ‘नियमाप्रमाणे’ म्हणजे कोणत्या नियमाप्रमाणे, हेही विचारत नाही. या विषयावर काही नेमके लिहावे म्हणून हा पत्रप्रपंच. पत्र लांबले आहे, पण आकडे गाळले तर त्यात काही उरणार नाही.

आधी एक फरक लक्षात घ्यायला हवा. काही नोकऱ्यांत पगाराचा आकडा सरकारने ठरवलेला असतो, काहींत तो संस्थाचालक ठरवतात. दोन्हीकडे बोलणी होतात, पण वेगवेगळ्या गोष्टींवर. पहिल्या प्रकारात ‘थोडे वाढवून द्या’ म्हणणे हास्यास्पद ठरते आणि दुसऱ्यात ते न म्हणणे महागात पडते. बहुतेकांची नेमकी उलट गल्लत होते.

वेतनश्रेणीच्या नोकऱ्यांपासून सुरुवात करू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सातव्या वेतन आयोगानुसारच्या रचनेत सहायक प्राध्यापक स्तर १० वर लागतो आणि त्याचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये असते. सहयोगी प्राध्यापकाचा स्तर १३-अ, मूळ वेतन १,३१,४००. प्राध्यापकाचा स्तर १४, मूळ वेतन १,४४,२००. राज्यातल्या विद्यापीठांना व अनुदानित महाविद्यालयांना ही रचना ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने लागू झाली. वेतन मॅट्रिक्समध्ये, म्हणजे पगाराच्या तक्त्यात, प्रत्येक स्तराखाली कप्पे असतात आणि दरवर्षी सुमारे ३ टक्क्यांची वाढ म्हणजे एक कप्पा खाली. स्तर १० मध्ये ५७,७०० नंतर ५९,४००, ६१,२००, ६३,०००, ६४,९०० असे आकडे येतात. स्तर कोणी बदलून देणार नाही. तुम्हाला कोणत्या कप्प्यात बसवणार, यावर मात्र बोलता येते, आणि पैसे तिथेच आहेत.

समजा एक सहायक प्राध्यापक चार वर्षे दुसरीकडे नियमित पदावर होता आणि त्याचे मूळ वेतन ६४,९०० झाले आहे. नव्या विद्यापीठात तो त्याच स्तरावर निवडला गेला. कागद नीट असतील तर त्याला वेतनसंरक्षण मिळून ६४,९०० वरच सुरुवात होते. नसतील तर ५७,७००. मूळ वेतनातला फरक ७,२०० रुपयांचा. त्यावर हिशेबासाठी ५५ टक्के महागाई भत्ता आणि २० टक्के घरभाडे भत्ता धरला तर महिन्याला १२,६०० आणि वर्षाला दीड लाखाच्या वर जातो. शिवाय पुढची प्रत्येक वेतनवाढ त्या खालच्या कप्प्यावरून मोजली जाते, ती निवृत्तीपर्यंत.

मग कागद कुठे बिघडतात? पहिली ठेच ‘प्रॉपर चॅनेल’ची. सध्याच्या संस्थेमार्फत अर्ज पाठवायचा म्हणजे प्राचार्यांना कळणार, ते नाराज होणार, म्हणून लोक परस्पर अर्ज करतात. मुलाखत होते, निवडही होते, आणि नंतर मागची सेवा मोजायची वेळ आली की लेखा विभाग विचारतो, अर्ज कोणत्या मार्गाने आला? अर्जाची आगाऊ प्रत थेट पाठवावी, मूळ अर्ज संस्थेच्या आवक विभागात देऊन त्याच्या पोचवर तारीख-शिक्का घ्यावा आणि ना-हरकत प्रमाणपत्र मुलाखतीच्या दिवशी सादर करावे. संस्था अडवून धरत असेल तर तो आवक क्रमांकच पुढे उपयोगी पडतो.

दुसरी ठेच राजीनाम्याच्या भाषेची, आणि ही जास्त लोकांना लागते. ‘वैयक्तिक कारणास्तव मी पदाचा राजीनामा देत आहे’ असे एक ओळीचे पत्र दिले की आधीची सेवा तिथेच संपली असा अर्थ काढला जातो. पत्रात लिहायचे ते असे: ‘अमुक विद्यापीठात अमुक पदावर माझी निवड झाली असून, सदर पदासाठी मी आपल्यामार्फत अर्ज केला होता. नव्या पदावर रुजू होण्यासाठी तांत्रिक राजीनामा स्वीकारून मला कार्यमुक्त करावे.’ कार्यमुक्तीच्या आदेशातही हेच शब्द यायला हवेत. तो आदेश हातात पडला की घरी न्यायच्या आधी तिथेच उभे राहून वाचावा. एकदा सही-शिक्का होऊन बाहेर पडलेला आदेश दुरुस्त करून घेणे म्हणजे काय, ते ज्यांनी केले त्यांनाच ठाऊक. सोबत अंतिम वेतन प्रमाणपत्र आणि सेवापुस्तकाची साक्षांकित प्रत घ्यावी.

विनाअनुदानित महाविद्यालयात काम केलेल्यांचा एक गैरसमज असतो की तिथली वर्षे मोजलीच जात नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत मागची सेवा मोजताना संस्था सरकारी की खासगी असा भेद करू नये असे स्पष्ट आहे. अटी वेगळ्या आहेत: तेव्हाची पात्रता आयोगाच्या निकषांप्रमाणे असावी, पद समकक्ष असावे, निवड रीतसर समितीने केलेली असावी, आणि तात्पुरती किंवा कंत्राटी सेवा असेल तर एकूण पगार नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक एकूण पगारापेक्षा कमी नसावा. शेवटची अट पुन्हा वाचावी. आज खासगी महाविद्यालयात कमी पगारावर ‘अनुभव तर मिळेल’ म्हणून लागणाऱ्याला तो अनुभव उद्या पदोन्नतीसाठी मोजून मिळेलच असे नाही. पीएच.डी. असेल तर स्तर १० वरून ११ वर जायला ४ वर्षे लागतात, एम.फिल. असेल तर ५, दोन्ही नसेल तर ६. मागची तीन वर्षे मोजली गेली, तर पीएच.डी.धारक वर्षभरात स्तर ११ ला पात्र होतो. म्हणून खासगी नोकरीतही निवड समितीच्या इतिवृत्ताची प्रत, विद्यापीठाच्या मान्यतेचे पत्र, दर महिन्याच्या पगारपत्रिका आणि फॉर्म १६ जपून ठेवावेत. लग्नाच्या अल्बमपेक्षा ही फाईल जास्त वेळा उघडावी लागते.

पीएच.डी.च्या आगाऊ वेतनवाढींबद्दलही सांगायला हवे, कारण सहाव्या वेतन आयोगाच्या काळातले सहकारी अजून नव्या मुलांना ‘पाच इन्क्रिमेंट माग’ म्हणून पाठवतात. नियुक्तीच्या वेळी मिळणाऱ्या त्या पाच वाढी सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत बंद झाल्या, पीएच.डी.चा फायदा लवकर होणाऱ्या पदोन्नतीत सामावला, अशी भूमिका घेतली गेली. ती न्याय्य आहे की नाही यावर वाद घालता येईल, पण मुलाखतीच्या टेबलावर नाही.

एकाच शहरात, एकाच पदनामाला किती फरक असतो तेही पाहण्यासारखे आहे. अमरावती रस्त्यावरच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात सहायक प्राध्यापक ५७,७०० च्या कप्प्यावरून सुरू होतो. तिथून काही किलोमीटरवर, दक्षिण अंबाझरी मार्गावरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांच्या रचनेत, श्रेणी-१ चा सहायक प्राध्यापक स्तर १२ वर आणि किमान १,०१,५०० मूळ वेतनावर असतो. सहयोगी प्राध्यापक १,३९,६०० वर. अशा केंद्रीय संस्थांत बोलणी होतात ती श्रेणी-२ मध्ये घेणार की श्रेणी-१ मध्ये, पीएच.डी.नंतरची कोणती वर्षे धरणार, आणि निवड समिती वरच्या कप्प्याची शिफारस करणार का, यावर. ही शिफारस समितीच्या इतिवृत्तात आली तरच तिला अर्थ. मुलाखत संपून इतिवृत्तावर सह्या झाल्यावर संचालकांना भेटून काही होत नाही. म्हणून सध्याच्या मूळ वेतनाची पगारपत्रिका आणि अनुभवाचा तारीखवार तक्ता मुलाखतीला घेऊन जावा आणि ‘आणखी काही सांगायचे आहे का’ या प्रश्नावर तो पुढे करावा. प्रयोगशाळेसाठी सुरुवातीचे अनुदान, तीन वर्षांच्या गटासाठी ३ लाख रुपयांचा व्यावसायिक विकास भत्ता, संस्थेच्या आवारात घर, पहिल्या सत्रात कमी तास, हे विषय मात्र निवडीनंतर, नियुक्तीपत्र आल्यावर काढले तरी चालतात. परदेशात पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचे संशोधन, करून परतलेले बरेच जण उलट करतात. मुलाखतीत प्रयोगशाळेवर अर्धा तास बोलतात आणि कप्प्याचा विषय राहून जातो.

रुजू होण्याच्या तारखेकडे कोणी बघत नाही. केंद्राच्या नियमानुसार २ जानेवारी ते १ जुलै या काळात रुजू झालेल्याला पहिली वेतनवाढ पुढच्या १ जानेवारीला मिळते. २ जुलै ते १ जानेवारी या काळात रुजू झालेल्याला पुढच्या १ जुलैला. आता १ जुलैला रुजू झालेला आणि २ जुलैला रुजू झालेला, या दोघांत एका दिवसाचा फरक आहे आणि वाढीत सहा महिन्यांचा. ५७,७०० वरून ५९,४०० म्हणजे १,७०० रुपये, भत्त्यांसह साधारण २,९७५. सहा महिन्यांचे १७,८५०. आणि ही तारीख नंतर दरवर्षी तशीच राहते. आषाढ लागायच्या आत रुजू व्हा की नंतर, ते घरच्यांना ठरवू द्या. पण २ जुलैचा मुहूर्त काढणाऱ्या भटजींना हा हिशेब जरूर सांगावा.

घरभाडे भत्ता तुम्ही कुठे राहता यावर नाही, नोकरीचे ठिकाण कुठे आहे यावर ठरतो. नागपूर ‘वाय’ वर्गातले शहर असल्याने महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यापासून इथला दर २० टक्के आहे. त्याच संस्थेचे महाविद्यालय काटोल किंवा उमरेडला असेल आणि नेमणूक तिथे झाली तर दर १० टक्के. ५७,७०० वर ११,५४० ऐवजी ५,७७०. राहायचे नागपुरातच, रोज बसने जायचे-यायचे, आणि भत्ता निम्मा. तेव्हा अनेक महाविद्यालये चालवणाऱ्या संस्थेत ‘पदस्थापना कुठे?’ हा पगाराचाच प्रश्न आहे. आदेशात फक्त ‘संस्थेच्या कोणत्याही महाविद्यालयात’ लिहिले असेल तर ठिकाणाचे नाव घालून मागावे.

आता पहिल्या पगाराबद्दल. अनुदानित पदावर नियुक्ती झाली म्हणजे महिनाअखेर पैसे खात्यात असे होत नाही. विद्यापीठाची मान्यता, उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडून वेतननिश्चिती, निवृत्तिवेतन योजनेचा कायम खाते क्रमांक, मग शासनाच्या ‘सेवार्थ’ या पगाराच्या संगणक प्रणालीत नाव. यातला एक कागद अडला की पुढचे सगळे अडते. थकबाकी मिळते, पण तोपर्यंत चार-सहा महिन्यांच्या खर्चाची तजवीज हवी. राखीव जागेवर असाल तर जात वैधता प्रमाणपत्र, सर्वांसाठी वैद्यकीय योग्यता प्रमाणपत्र आणि पीएच.डी.ची अधिसूचना या तीन गोष्टी रुजू होण्याच्या आधीच गोळा करून ठेवाव्यात. पदवी प्रमाणपत्र यायला वेळ लागतो म्हणून अधिसूचना.

कंत्राटी नेमणुकांकडे येऊ. ‘एकत्रित मानधन’ हा शब्द आदेशात दिसला की समजावे, महागाई भत्ता नाही, वार्षिक वाढ नाही, बहुधा भविष्य निर्वाह निधीही नाही. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत कंत्राटी शिक्षक एकूण शिक्षकांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत आणि त्यांचे मानधन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक एकूण पगारापेक्षा कमी नसावे असे लिहिलेले आहे. गुजरातच्या सरकारी तंत्र महाविद्यालयांत महिना ३०,००० रुपयांवर राबणाऱ्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना किमान वेतनश्रेणी द्यावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. तरीही मुलाखतीत ‘कोर्टाचा निकाल आहे’ म्हणून कोणी पगार वाढवत नाही. तिथे विचारायचे ते एवढेच की मुदत ११ महिन्यांची आहे की शैक्षणिक वर्षाची, उन्हाळी सुट्टीचा पगार आहे का, आणि मध्ये दिलेला एक-दोन दिवसांचा खंड सेवेत कसा दाखवणार. तासिका तत्त्वावर तर दर शासनाचा, तास मोजके आणि सुट्टीत शून्य. तिथे पगाराची बोलणी नसतातच. वेळापत्रक एकाच बाजूला, सकाळी किंवा दुपारी, लावून घेता आले तर उरलेल्या वेळेत दुसरे काही करता येते, एवढीच बोलणी.

खरी घासाघीस खासगी विद्यापीठांत आणि विनाअनुदानित महाविद्यालयांत होते, आणि तिथे आकडे फसवे असतात. ‘बारा लाखांचे पॅकेज’ ऐकले की घरी पेढे येतात. ते उलगडून पाहू. बारा लाखांत मूळ वेतन ४० टक्के, म्हणजे ४,८०,००० धरले आहे असे समजा. संस्थेचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा कायद्याच्या १५,००० च्या मर्यादेवर महिना १,८००, वर्षाचे २१,६००. तो पॅकेजमध्येच मोजलेला. उपदानाची (ग्रॅच्युइटीची) तरतूद मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, २३,०८८, तीही आतच. गट आरोग्य विम्याचा हप्ता १२,००० समजू. ‘कामगिरीनुसार’ १० टक्के, म्हणजे १,२०,०००, वर्षाअखेरीस मिळणार, आणि कामगिरी म्हणजे बहुतेक वेळा प्रवेश किती आणले. उरले १०,२३,३१२, महिन्याला ८५,२७६. त्यातून तुमचा निधीचा वाटा १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ८३,२७६.

शेजारी सरकारी रचनेतला नवा सहायक प्राध्यापक ठेवा. ५७,७०० मूळ, ५५ टक्क्यांनी ३१,७३५ महागाई भत्ता, ११,५४० घरभाडे. वाहतूक भत्ता सोडूनच १,००,९७५. निवृत्तिवेतन योजनेचे १० टक्के म्हणजे ८,९४४ आणि व्यवसाय कर वजा जाता हातात ९१,८३१. वर, शासन आपल्या बाजूने १४ टक्के, म्हणजे १२,५२१ रुपये दरमहा त्याच्या खात्यात टाकते, ते या हिशेबात आलेलेच नाहीत. तेव्हा बारा लाखांचे पॅकेज हे ‘सरकारीपेक्षा जास्त’ नाही. हे माहीत असलेला उमेदवार वेगळ्या आवाजात बोलतो.

खासगीत एकूण रकमेइतकेच महत्त्व मूळ वेतनाला द्यावे, कारण उपदान, निधी, रजेचा मोबदला आणि बहुतेक ठिकाणी वार्षिक वाढ त्यावरूनच निघते. उपदान शिक्षकांनाही लागू आहे. २००९ च्या दुरुस्तीने ते ३ एप्रिल १९९७ पासून लागू झाले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू होईपर्यंत हिशेब असा होता: कायम नोकरीत पाच वर्षे पूर्ण झाल्यावर सोडताना शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षे. त्या हिशेबाने महागाई भत्ता वेगळा नसेल आणि मूळ वेतन ४०,००० असेल तर आठ वर्षांचे १,८४,६१५ होत. तेच मूळ वेतन २५,००० आणि उरलेले ‘विशेष भत्ता’ म्हणून दाखवले तर १,१५,३८५ होत. महिन्याचा पगार मात्र दोघांचा सारखाच असे.

बोलायचे कसे? आकडा आधी आपण सांगू नये, हा सल्ला बाजारातला आहे आणि इथे अर्धाच लागू पडतो. अध्यक्षांनी थेट विचारले तर गुळमुळीत उत्तर देऊ नये. ‘सध्या माझे मूळ वेतन ४४,००० आणि हातात ६१,००० येतात. पीएच.डी. आणि सहा वर्षे झाली आहेत. आयोगाच्या श्रेणीत सुरुवात ५७,७०० ला आहे. मूळ वेतन किमान ५२,००० आणि निधी पूर्ण मूळ वेतनावर अशी माझी अपेक्षा आहे.’ एवढेच बोलून थांबावे. थांबणे सगळ्यात अवघड असते. शांतता सहन न होऊन उमेदवार स्वतःच ‘पण थोडे कमी-जास्त चालेल’ म्हणतो आणि लिपिक तेवढेच टिपून घेतो. ‘आमच्याकडे एवढे बसत नाही’ असे उत्तर आले तर रकमेवर रेटण्याऐवजी दुसऱ्या बाजू काढाव्यात: सहा महिन्यांनी फेरविचार, पण तारखेसह लेखी, आठवड्याचे तास, संशोधनासाठी एक पूर्ण दिवस मोकळा, परिषदांचा खर्च. आयोगाच्या निकषात सहायक प्राध्यापकाचे प्रत्यक्ष अध्यापन आठवड्याला १६ तास आहे, सहयोगी व प्राध्यापकाचे १४. कोणी २२ तासांवर पगार सांगत असेल तर तासामागे पगार किती पडतो ते तिथेच काढून दाखवता येते. प्रवेशाच्या हंगामात दहावी-बारावीच्या शाळांत फिरणे, नॅक आणि एनबीए या मूल्यांकन करणाऱ्या संस्थांच्या फायली, वसतिगृहाची देखरेख, ही कामे तासांत धरली जाणार का, तेही विचारून घ्यावे. एरवी ती रविवारी येतात.

तोंडी ठरले ते त्याच संध्याकाळी ई-मेलने पाठवावे. ‘आजच्या चर्चेप्रमाणे मूळ वेतन ५०,०००, परिविक्षा काळ एक वर्ष, जानेवारीत फेरविचार, असे मी समजतो. नियुक्तीपत्राच्या प्रतीक्षेत आहे.’ या दोन ओळी कोणाला झोंबत नाहीत आणि पुढच्या व्यवस्थापनालाही बांधून ठेवतात. जुन्या नोकरीचा राजीनामा नियुक्तीपत्र हातात आल्यावरच. सूचनाकाळ दोन्ही बाजूंना सारखा आहे का ते बघावे. संस्थेला एक महिना आणि तुम्हाला ‘सत्र संपेपर्यंत’ असे असेल तर ते बदलून घ्यावे. मूळ प्रमाणपत्रे ‘पडताळणीसाठी’ ठेवून घेतली जात असतील तर समोर बसून पडताळणी करून परत घ्यावीत. छायांकित प्रतींवर काम चालते.

एक प्रकार मुद्दाम लिहावा लागतो, कारण तो सगळ्यांना माहीत असून कोणी बोलत नाही. खात्यात पूर्ण पगार जमा करायचा आणि त्यातला हिस्सा रोखीने परत मागायचा. शुल्क नियामक प्राधिकरण व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क ठरवताना पगाराचा खर्च धरते, म्हणून कागदावरचा पगार फुगलेला सोयीचा असतो. यात शिक्षकाचे नुकसान दुहेरी: फॉर्म १६ मध्ये न मिळालेले उत्पन्न दिसते आणि जास्त कर बसू शकतो, पुढे तक्रार करायची तर बँकेचे विवरणपत्र संस्थेच्याच बाजूने बोलते. अशी अट कानावर आली तर नोकरी घ्यावी की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. आमचे मत विचाराल तर घेऊ नये. घेतलीच, तर किमान निधीचे पासबुक दर महिन्याला ऑनलाइन पाहावे. कापलेली रक्कम भरलीच जात नाही असेही घडते.

नियुक्ती झाल्यावर सेवासमाप्ती किंवा पदावनतीचा प्रश्न आला तर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ खाली विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते. ‘बघू, साहेब काही करतील’ म्हणत तेवढे दिवस सहज निघून जातात.

आता संस्थांकडे एक मागणे. नागपूर-विदर्भातल्या वृत्तपत्रांत येणाऱ्या जाहिरातींत ‘आकर्षक वेतन’, ‘पात्र उमेदवारांना योग्य मोबदला’ असे छापून येते. त्या जागी वेतनस्तर किंवा मूळ वेतन, आठवड्याचे अध्यापनाचे तास आणि नेमणुकीचे ठिकाण एवढे तीन तपशील छापले तर उमेदवाराचा गोंदिया-चंद्रपूरहून येण्या-जाण्याचा खर्च वाचेल, आणि निवड समितीचा अर्धा दिवसही. आपल्या वृत्तपत्राने अशा जाहिराती घेताना हे तीन तपशील मागावेत, अशी आमची विनंती आहे.

आपले,
महाविद्यालयीन आस्थापना व लेखा विभागांत काम करणारे काही वाचक,
नागपूर